न झाडलेल्या गोळ्या

माझे वडील डांबरी रस्ता सोडून कधी चालत नसत. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या आमच्या घरापासून स्टेशनकडे जायला मोकळ्या प्लॉटमधून एक पायवाट होती. सगळी कॉलनी तिनेच जायची, पण पप्पा मोठा वळसा घालून रस्त्याने जायचे. बागेत गेलो तर आई आणि मी हिरवळीवर बसायचो आणि पप्पा कडेच्या सिमेंटच्या पट्टीवर उभे राहून आम्हाला शेंगदाण्याच्या पुड्या पास करायचे. फौजी माणूस, बुटांना माती लागू नये म्हणून जपत असेल, असं मला वाटे. बूट ते रोज सकाळी पॉलिश करायचेच. निवृत्त झाल्यावर कुठे जायचं नसलं तरी करायचे.

ते इंजिनिअर पलटणीत सुभेदार होते. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे, हे त्या पलटणीचं काम. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं आणि माझं कॉलेज मध्येच तुटू नये म्हणून आम्ही तिथेच भाड्याच्या घरात राहिलो. सकाळी पाण्याच्या टाकीवर मोर ओरडायचे, मग स्टेशनातून गाडी सुटल्याची शिट्टी, मग शेजारच्या भाभीजींच्या घरातली आरती आणि या सगळ्यावर ताण करून आईचा भाकरी थापण्याचा आवाज. आई कोरेगाव तालुक्यातली. जयपूरबद्दल तिच्या शंभर तक्रारी होत्या, पण बाजरी चांगली मिळते एवढं ती मान्य करायची. खर्डा मात्र तिथल्या मिरचीचा जमत नाही म्हणून गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला ती पिशवीभर मिरची आणायला लावायची. माझ्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला ‘मतलब’ आलं की ती लाटणं दाखवायची. “मतलब काय मतलब? म्हणजे म्हण की.” मी हिंदी शाळेत वाढलेली. मराठी मला बोलता यायचं ते घरापुरतं, आणि वाचताना तर मी दर दुसऱ्या शब्दाला अडखळायची.

गंमत अशी, की त्याच मराठीमुळे मला ते काम मिळालं. आमच्या इतिहासाच्या राठौड मॅडम एका जुन्या रणांगणाचा अभ्यास करत होत्या. जयपूरपासून जीपने दोन-अडीच तासांवरचं गाव. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे मराठ्यांची आणि राजपुतांची लढाई झाली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण अजूनही तिथे सोनं शोधायला लोक कुदळी घेऊन येतात. मॅडमना कागदावरची लढाई नको होती, जमिनीतली हवी होती. कुठे कोण उभं होतं, कुठून कुठे गोळी गेली, हे नांगरलेल्या मातीतल्या शिशावरून वाचता येतं, असं त्या सांगायच्या तेव्हा वर्गातली पोरं हसायची. मी हसले नाही. त्यांनी हजेरीपटात माझं आडनाव पाहिलं आणि विचारलं, “मराठी पढ़ लेती हो?” मी सरळ खोटं बोलले. “जी मॅडम.”

त्यांनी मला मराठ्यांच्या छावणीतून गेलेल्या जुन्या पत्रांच्या छापील प्रती दिल्या. ते मराठी माझ्या आईलासुद्धा अर्धंच कळेना. शेवटी पप्पा चष्मा लावून बसले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले, मी शेजारी बसून हिंदीत टिपून घेऊ लागले. पत्रांचा सूर एकच: आपलं पायदळ जागचं हललं नाही. मॅडमच्या घरात मात्र पिढ्यानपिढ्या सांगत आले होते, की त्यांच्या पूर्वजांनी घोडे घातले आणि समोरचं पायदळ उधळून पळालं. मॅडम हसून म्हणायच्या, “तुम्हारे काग़ज़ और हमारे गीत, दोनों अपने-अपने घर के हैं. मिट्टी किसी की रिश्तेदार नहीं.”

मग यंत्राची अडचण आली. धातू शोधायचं यंत्र चालवायला जो माणूस ठरला होता तो नोकरी लागून निघून गेला. मॅडमनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, होळीपर्यंत शीक, होळीनंतर सरसों, म्हणजे मोहरी, कापून शेतं मोकळी होतील. मी ते घरी आणलं आणि समोरच्या प्लॉटमध्ये चालवून पाहू लागले. पावलागणिक ते किंचाळायचं. खाली निघायचं काय, तर गुटख्याच्या पुडीचा चंदेरी कागद, बाटलीचं झाकण, सायकलचा नट. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून आवाज आला.

“अगं ए, झाडू मारतीस का काय?”

पप्पा डांबराच्या अगदी कडेला उभे होते. मला वाटलं खाली उतरतील. उतरले नाहीत. तिथूनच सांगू लागले. चकती जमिनीला समांतर ठेव. टोकाला गेली की वर उचलतेस, तिथंच चुकतं. हळू. कानानं ऐक, डोळ्यानं न्हवं. लोखंडाचा आवाज तुटका येतो, शिशाचा भरीव येतो. आठवडाभर रोज संध्याकाळी ते त्या कडेवर उभे राहून मला शिकवत होते आणि त्यांच्या बुटांची टोकं एकदाही मातीवर आली नाहीत. आत गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. “त्यांना ह्यात गुंतवू नकोस, मने. लई कष्टानं इसरल्यात ते.” काय विसरलेत, हे तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या वयात आईबापांना आपल्या आधीचं आयुष्य असतं हे खरं वाटत नाही. आज मात्र मला तो आईचा हात आठवतो. पिठाने भरलेला होता आणि माझ्या दंडावर पाच पांढरी बोटं उमटली होती.

पप्पा मात्र स्वतःच म्हणाले, मी येतो, एकट्या पोरींनी मशीन घेऊन रानात फिरायचं म्हणजे काय. पहाटे जीप आली. आईने भाकऱ्या, पिठलं आणि कांदा बांधून दिला आणि दारात उभी राहून, माझ्याकडे न बघता, फक्त त्यांच्याकडे बघत राहिली.

शेत धापूबाईंचं होतं. सत्तरीच्या, उन्हाने काळ्या पडलेल्या, एकटीने शेती करणाऱ्या बाई. मॅडमनी परवानगीचे कागद दाखवले, ते त्यांनी बघितलेही नाहीत. एकच अट घातली, खड्डा केला तर तसाच बुजवायचा, आणि जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचं. मॅडमनी दोऱ्या ताणून शेताच्या पट्ट्या पाडल्या. जिथे आवाज येईल तिथे लहान झेंडी खोवायची, उपग्रहावरून जागा नोंदवायची आणि मगच, नांगराची माती जेवढी खोल असते तेवढंच उकरायचं. पप्पा गाडीवाटेवर, चाकांनी घट्ट झालेल्या चाकोरीत, जीपला टेकून उभे राहिले. तिथून ते बघत होते.

पहिले दोन तास खिळे आणि नालाचे तुकडेच मिळाले. मग एके ठिकाणी भरीव आवाज आला. मी इतकी हरखले की झेंडी न लावताच गुडघ्यावर बसले आणि खुरपं उचलून सरळ खाली मारलं.

“थांब!”

तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. घरात पप्पा मोठ्याने बोलायचेच नाहीत. मी हात वर धरून गोठले. मागे पाहिलं तर ते गाडीवाट सोडून शेतात उतरले होते. पळत नव्हते. मऊ मातीत माझी पावलं उमटली होती, त्या प्रत्येक पावलात ते आपलं पाऊल ठेवत येत होते. एक, मग दुसरं. त्यांचं पाऊल माझ्याहून मोठं, तरी ते टाच आणि चवडा बरोबर माझ्या ठशात बसवत होते. चेहरा घामाने भिजला होता.

माझ्याजवळ येऊन ते पोटावर झोपले. खुरपं माझ्या हातातून काढून घेतलं, मॅडमच्या पेटीतली बारीक सळी मागितली आणि ती तिरकी धरून, बोटभर अंतरावर, मातीत हळूच सरकवू लागले. “सरळ खाली कधी मारायचं न्हाई,” ते पुटपुटले. मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. सळी कशाला तरी टेकली. मग त्यांनी बोटांनी माती बाजूला केली, फुंकर मारली. खाली पांढुरक्या सायीत गुंडाळलेली बोराएवढी गोळी होती. शिशाची. ते तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. हसता हसता त्यांनी कपाळ मातीवर टेकवलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

त्या दिवसापासून यंत्र पप्पांनी घेतलं. रोज सकाळी शेताच्या कडेला ते क्षणभर थांबायचे, मग उतरायचे. उकरायचं आणि नोंदवायचं काम माझं. दुपारी धापूबाई ताकातली बाजरीची राबडी आणून द्यायच्या आणि मातीच्या ढेकळावर बसून पप्पांच्या डब्यातली भाकरी मोडून खायच्या. “आ तो म्हांकी ही रोटी छै,” ही तर आमचीच भाकरी, असं म्हणून आईच्या खर्ड्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी पुन्हा मागायच्या.

मॅडमनी आम्हाला गोळी वाचायला शिकवलं. झाडलेली गोळी कशावर तरी आदळते, ती चपटी होते, कधी नाण्यासारखी, कधी चघळलेल्या चिंचोक्यासारखी. न झाडलेली गोल राहते, साच्याची शिवणसुद्धा तिच्यावर दिसते. ती कुणाच्या तरी हातून भरताना पडलेली असते. चपट्या गोळ्या शेतभर विखुरलेल्या होत्या. गोल मात्र एका ठिकाणी निघू लागल्या. आठव्या की नवव्या दिवशी मॅडमनी सगळ्या नोंदी नकाशावर उतरवल्या आणि जीपच्या बॉनेटवर कागद पसरला. गोल गोळ्यांची एक ओळ होती, शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जवळजवळ सरळ. मधल्या भागात, जिथे समोरून घोडेस्वार आले असावेत असं मॅडमना वाटत होतं, तिथे ठिपक्यांवर ठिपके.

“एवढ्या कशा पडल्या?” मी विचारलं. “मतलब, इतके निष्काळजी होते?”

पप्पांनी बोट त्या दाट जागेवर ठेवलं. “निष्काळजी न्हाई. घाबरलेले. हात थरथरत असले की गोळी नळीत जात न्हाई. पडते. मग दुसरी काढायची, ती पण पडते.” मग बोट ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. “पण बघ. मागं पडल्यात का कुठं? न्हाई. समदं एका रेषेत. पडली तर तिथंच दुसरी काढली. हात हलला, पाय न्हाई हलला.”

मॅडम म्हणाल्या, की इतकं ठामपणे लिहिता येणार नाही. गोळ्यांच्या मापावरून हे मराठ्यांचं पायदळ असावं असा अंदाज आहे, पण इथे माणसं रांगेत उभी होती आणि त्यांनी बंदुका भरल्या, एवढंच माती सांगते. नंतर काय झालं ते दुसऱ्या शेतात. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, “लेकिन सूबेदार साहब, भागे नहीं, कम से कम यहाँ तो नहीं. घर जाकर बाबोसा को बताना पड़ेगा.” बाबोसा म्हणजे त्यांच्या घरातले थोरले. धापूबाईंनी तळहातावर तीन-चार गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी पप्पांना विचारलं, हे थांका होते का म्हांका, म्हणजे तुमचे की आमचे. बहुधा आमचे, पप्पांनी सांगितलं. धापूबाई म्हणाल्या, “थांका छा तो कांईं हुयो. पड्या तो म्हांका खेत में छै.” तुमचे असले म्हणून काय झालं, पडले तर आमच्याच शेतात. आणि पदराच्या टोकाने एकेक गोळी पुसून त्यांनी मॅडमच्या पिशवीत परत ठेवली.

पप्पा तिथून उठून बांधावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. बाटली हातात धरून, न पिता, ते बोलू लागले.

मी लहान असताना एक वर्ष ते सीमेवर होते. आधी सुरुंग पेरले आणि मग, लढाई न होताच, काढायचा हुकूम आला. वाळवंटातली वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतात. नकाशात एका जागी, जमिनीत दुसऱ्या. प्रत्येकाला एक पट्टी वाटून दिलेली असायची. “त्या दिवशी माझी पट्टी होती. सकाळपास्नं हात थरथरत होता. सळी धरवंना. तुकाराम म्हणून आमचा एक पोरगा होता, जत तालुक्यातला. सव्वीस वर्षांचा. तो म्हणला, दादा, तुम्ही च्या घ्या, ही पट्टी मी काढतो.” पप्पांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मी च्या घेतला, मने. बाजूला झालो आन च्या घेतला.”

अर्ध्या तासाने स्फोट झाला. तुकारामकाकांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्यांना उचलायला आत जायचं तर सुरक्षित जागा एकच, त्यांच्याच पावलांचे ठसे. पप्पा त्या ठशांत पाऊल ठेवत गेले आणि त्यांना पाठीवर घेऊन त्याच ठशांतून परत आले.

“तुम्हीच तर आणलं त्यांना,” मी म्हणाले.

“आणलं. पण त्या जागेवर मी उभा न्हवतो.”

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली. “दर दिवाळीला तुकारामभावजींचा फोन येतो,” ती म्हणाली. “मीच बोलते. हे टाकीत पाणी आलं का बघतो म्हणून गच्चीवर जात्यात. अकरा वर्षं टाकीतलं पाणी बघत्यात.” मग ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. माझ्या आठवणीत ती पप्पांशी इतक्या सरळ कधी बोलली नव्हती. “अहो, मी आजपास्नं त्या माणसाला खोटं सांगणार न्हाई. तुमी बोला, न्हाईतर घरी हाय, पण बोलायचं न्हाई त्यास्नी, आसं मी सांगते.”

पप्पांनी फोन केला नाही. चार दिवसांनी त्यांनी जत्रेला नेतात तशी जुनी हिरवी बॅग काढली आणि मला विचारलं, “येतीस का?”

जयपूरहून पुण्याला गाडी, पुढे एसटी, शेवटी एका टेम्पोत मागे बसून आम्ही तुकारामकाकांच्या वस्तीवर पोहोचलो. वाटेत पप्पा तीनदा म्हणाले, कळवायला हवं होतं. डाळिंबाची बाग होती आणि बागेपुढे पत्र्याचं घर. काका दारात बाजेवर बसून ठिबकच्या नळ्यांची तोंडं साफ करत होते. त्यांनी मान वर केली. ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. काठी शोधत उठायला लागले आणि पप्पा धावले, अक्षरशः धावले, ढेकळांतून, काट्यांतून, बुटांचा विचार न करता.

चहा झाला. काकूंनी हुलग्याचं माडगं केलं. दोघे पावसापाण्याचं, डाळिंबाच्या रोगाचं, कुणाच्या मुलींच्या लग्नांचं बोलत राहिले. मला वाटलं, हे असंच बोलून आम्ही परत जाणार. मग पप्पा एकदम म्हणाले, “तुकाराम, त्या दिवशी माझा हात थरथरत होता.”

“व्हय,” काका म्हणाले. “ठावं हाय की.”

“पट्टी माझी होती.”

“दादा, तुमचा हात रोजच थरथरायचा.” काकांना हसू येत होतं. “समद्या सेक्शनला ठावं होतं. तुमास्नी वाटायचं कुणाला दिसत न्हाई. पोरं तुमच्याच मागनं जायला बघायची. ज्याचा हात थरथरत न्हाई त्याला आमी भ्यायचो. त्यो माणूस घाई करणार.” मग हसू मावळलं. “त्या दिवशी मी घाई केली. पट्टी लवकर काढून तुमाला दावायचं हुतं, मी बी तयार झालोय म्हणून. त्यात तुमचा काय दोष? अकरा दिवाळ्या ह्येच सांगायला फोन करतूय. म्हणलं, तुमी फोन घ्याल तवा सांगीन.”

काकू आत निघून गेल्या. मी रिकामे कप गोळा करू लागले.

पप्पांनी विचारलं, “दुखतो का अजून?”

“थंडीत. आन लई चाललो की.”

“बघू.”

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पायजमा वर करून पट्टे सोडले आणि नकली पाय काढून बाजेला टेकवून ठेवला. पप्पा जमिनीवर, मातीतच, मांडी घालून बसले. काकूंकडून तेल मागून घेतलं, तळहातावर कोमट केलं आणि तो गुडघ्याखालचा उरलेला पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू चोळू लागले. काकांनी डोळे मिटून घेतले.

“जरा वर,” ते म्हणाले. “हां. तितंच.”